शौर्यपदक नको, मडगार्ड द्या

मिनिआपोलिसात भर हिवाळ्यात सायकलवरून हापिसला येणाऱ्या माणसाकडे लोक दोनच प्रकारे बघतात. एक, "बापरे, काय हिंमत आहे राव तुझी!" आणि दोन, "बिचारा! पिऊन गाडी चालवताना सापडला असणार, लायसन गेलं वाटतं." गेली काही वर्षं मी या दोन्ही नजरा झेलतोय. त्यातली पहिली मला जास्त खटकते. दुसरी निदान विनोदी तरी आहे.

मंडळी, मी शूर नाही. लिफ्ट बंद असली तर दोन जिने चढताना कुरकुरणारा, रविवारी अंघोळ टाळायला कारणं शोधणारा मी एक सर्वसाधारण मराठी सॉफ्टवेअरवाला आहे. माझ्या सायकलला फक्त दोन गोष्टी लावलेल्या आहेत, ज्या इथल्या बहुतेक सायकलींना नसतात. खिळेवाले टायर आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड. बस्स. बाकी सगळं जे लागतं ते तुमच्या कपाटात आधीच आहे, कारण पार्किंग लॉटमधून दारापर्यंत चालत यायलाही ते लागतंच.

हा वाद माझ्यापुरता असता तर शनिवार सकाळ वाया घालवून लिहिलं नसतं. पण "हिवाळ्यात सायकल म्हणजे शौर्य" या एका खुळ्या समजुतीमुळे किती साधी माणसं वर्षातले पाच महिने घरात बसतात, किंवा ऐपत नसताना दुसरी गाडी घेतात, ते मी बघतोय. त्यातलं एक माणूस माझ्याच घरात आहे. तिच्याकडे येतो पुढे.

आधी बर्फाबद्दल. आपल्याकडे बर्फ एकच. गोळ्यातला, उसाच्या रसातला, हिमालयातला, सगळा बर्फच. इथे आल्यावर कळतं की त्याच्या जाती आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे. हे शहर ४५ अक्षांशावर, समुद्रापासून दूर, खंडाच्या मधोमध. जानेवारीचं सरासरी तापमान उणे नऊ-दहा सेल्सिअस, आणि वर्षाला सव्वाशे सेंटिमीटरच्या वर बर्फ पडतो. जानेवारी २०१९ च्या अखेरीस पारा उणे तीसच्याही खाली गेला होता. नवीन माणूस हे आकडे ऐकूनच गळपटतो. पण गंमत अशी की टायरच्या दृष्टीने फार थंडी ही वाईट गोष्ट नाहीच. उणे पंधरा-वीसला रस्त्यावरचा बर्फ जाड रव्यासारखा होतो, चाकाखाली करकर वाजतो आणि साध्या टायरलाही बऱ्यापैकी धरतो. घात होतो तो शून्याच्या आसपास. दुपारी थोडं वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि सकाळी डांबरावर काचेचा पातळ थर असतो, जो दिसतच नाही. त्यावर परत पाण्याची एक झिलई आली की संपलं. म्हणजे हवा जितकी "बरी", रस्ता तितका वाईट. मार्च महिना जानेवारीपेक्षा घातकी आहे, आणि नेमक्या मार्चमध्येच लोक म्हणतात "चला, उघडलं आता!"

पालिका रस्त्यावर मीठ टाकते. साधं मीठ, सोडियम क्लोराइड, उणे नऊ सेल्सिअसच्या खाली जवळजवळ निकामी ठरतं, हे इथे शाळेतल्या पोरांना माहीत असतं. तरी थंडी वाढली की लोक आणखी चार फावडी टाकतात. (मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं की चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं नासवायला पुरतं. आणि नंबरप्लेटवर "दहा हजार तळी" लिहून मिरवतो आम्ही! असो, तो वेगळा लेख.)

आता खिळे. टायरच्या रबरात दोनशे-अडीचशे बारीक खिळे बसवलेले असतात, टोक साधारण मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर. चांगल्या टायरमध्ये हे टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं, म्हणजे ज्याच्यापासून लेथवर धातू कापायची हत्यारं करतात ते. स्वस्त टायरमध्ये नुसतं पोलाद असतं आणि ते उघड्या डांबरावर एका हिवाळ्यात झिजून सपाट होतं. म्हणून घ्यायचे तर कार्बाइडचेच घ्या. ही विद्या मुळात फिनलंडची. नोकियन नावाच्या टायर कंपनीने मोटारींच्या हिवाळी टायरचं काम १९३० च्या दशकात सुरू केलं. हो, हे तेच नोकिया गाव, ज्याच्या नावाचा दगडी फोन आपण सगळ्यांनी वापरला. रबर, केबल आणि कागद अशा तीन धंद्यांच्या कंपन्या १९६७ मध्ये एकत्र येऊन ती नोकिया झाली, आणि १९८८ मध्ये टायरवाले वेगळे निघाले. फोनचं जे झालं ते झालं, टायर मात्र अजून पळतायत. सायकलचे टायर आता सुओमी टायर्स या नावाने मिळतात. जर्मनांचे श्वाल्बे आहेत, आणि आमच्या मिनेसोटातलेच ४५ नॉर्थवाले आहेत. कोणाचेही घ्या, मी कोणाचा एजंट नाही.

एक कायद्याची गंमत. मिनेसोटाने मोटारींच्या खिळेवाल्या टायरवर १९७१ पासून बंदी घातली आहे, कारण ते रस्ते खरवडून खातात. सायकलच्या टायरला मात्र खिळे, काटे, काय वाट्टेल ते लावायची परवानगी राज्याच्या कायद्यात स्वतंत्र वाक्य लिहून दिलेली आहे. म्हणजे काळ्या काचेवर खिळे रोवून जायचा हक्क दोन टनांच्या एसयूव्हीला नाही आणि माझ्या पंधरा किलोच्या सायकलला आहे. एवढा लाड इथे सायकलचा दुसरीकडे कुठेही होत नाही, तो तरी घ्या की!

लावायची पद्धत सोपी आहे. रबर कडक असतं म्हणून हातमोजे घाला आणि टायर आदल्या रात्री घरात उबेला ठेवा. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बघा. लावल्यावर पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर मोकळ्या डांबरावर शांतपणे चालवायचे, जोरात ब्रेक नाही, झटक्याने वळणं नाहीत, म्हणजे खिळे आपापल्या घरात नीट बसतात. हे काम ऑक्टोबरच्या शेवटी करायचं, पहिला बर्फ पडल्यावर नाही. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या कमीत कमी आकड्याच्या जवळ ठेवायची. टायर थोडा पसरला की जास्त खिळे जमिनीला टेकतात, कडक फुगवला तर बाजूचे खिळे नुसते हवेत शोभेला राहतात. आणि पैसे एकाच टायरचे असतील तर तो पुढे लावा. मागचं चाक सरकलं तर आपण सावरतो, फार तर पाय टेकतो. पुढचं सरकलं की "अरे" म्हणायच्या आत कोपर जमिनीवर असतं.

तोटे आहेत, लपवत नाही. एकेक टायर किलोच्या आसपास भरतो. माझ्या नऊ किलोमीटरला उन्हाळ्यात सव्वीस मिनिटं लागतात, हिवाळ्यात चौतीस. कोरड्या डांबरावर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येत राहतो. मऊ, खोल बर्फात खिळ्यांचा काही उपयोग नाही, तिथे रुंदी लागते. पण आपण जंगलात नाही चाललोय हो, हापिसला चाललोय, साफ केलेल्या रस्त्याने. तिथे अडचण खोल बर्फाची नसते, काचेची असते.

आता मडगार्ड. इथे आमचे सायकलवाले मित्रही फितूर होतात. "मडगार्ड पावसाळ्यात ठीक, हिवाळ्यात कशाला?" अहो, हिवाळ्यातच तर! मीठ टाकल्यावर रस्त्यावर जे उरतं ते पाणी नसतं आणि बर्फही नसतो. ती रबडी असते. करड्या रंगाची, खारट, वाळू मिसळलेली. मडगार्ड नसेल तर पुढचं चाक ती तुमच्या बुटांवर आणि चेनवर मारतं, मागचं चाक पाठीवर. पाऊस असता तर घरी जाऊन शर्ट बदलला असता. उणे दहाला ओली पाठ आणि ओले मोजे ही गैरसोय नसते, तो दवाखान्याचा रस्ता असतो. सायकलचं तर विचारू नका. ती खारट रबडी चेनमध्ये, ब्रेकमध्ये, मागच्या गिअरमध्ये जाऊन रात्रभर गोठते आणि सकाळी अख्खी सायकल एकसंध शिल्प झालेली असते. "हिवाळ्याने माझी सायकल खाल्ली" म्हणणाऱ्यांच्या सायकली बघा, मडगार्ड दिसणार नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो तो जरा अभ्यासू असतो. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बर्फ ठासून बसतो आणि चाक जाम होतं. खरं आहे, होतं. पण कधी? मध्ये बोटभरही जागा नसेल तेव्हा. हिशेब साधा आहे. पस्तीस मिलिमीटरचा टायर असेल तर मडगार्ड निदान पंचेचाळीसचं हवं, आणि टायरच्या माथ्यापासून ते दीड सेंटिमीटर तरी वर हवं, कारण खिळ्यांचीही उंची त्यात धरायची असते. पुढच्या मडगार्डच्या तळाला रबरी फ्लॅप, जमिनीपासून चार बोटांवर. पुढच्या तारांना दाबाने सुटणारी क्लिप, म्हणजे एखादी काटकी अडकली तर मडगार्ड गोळा होऊन चाक अडकण्याऐवजी तार सुटते आणि तुमचे दात शाबूत राहतात. पाच मिलिमीटरचे बोल्ट, खाली वायसर, थोडं ग्रीस. अर्ध्या तासाचं काम.

आणि एवढी जागा सायकलमध्ये नसेल तर? तर दोष मडगार्डचा नाही, ज्याने सायकल बनवली त्याचा आहे. माझं खरं भांडण इथे सुरू होतं.

माझे वडील नाशिकला प्रेसमध्ये होते. त्यांची काळी अ‍ॅटलास मी शाळेत असताना चालवली आहे. पुढे-मागे पत्र्याचे मडगार्ड, मागच्या मडगार्डच्या शेपटाला रात्री दिसावं म्हणून पांढरा पट्टा, पूर्ण चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप. वडिलांनी यातलं काहीही "ॲक्सेसरी" म्हणून वेगळं घेतलं नव्हतं. दुकानदाराने सायकल दिली म्हणजे हे सगळं दिलं. सायकल या शब्दाचा अर्थच तो होता. गोदाकाठचा पाऊस असो की धूळ, पांढरी विजार घालून माणूस कामावर जायचा आणि पांढरीच घेऊन परत यायचा. यात कोणालाही शौर्य दिसत नव्हतं. दिसली असेल तर थोडी गरिबी दिसत असेल.

आणि इथे? जगातल्या श्रीमंत देशातलं सायकलचं दुकान. पाटीवर "कम्यूटर" लिहिलंय, किंमत आठशे डॉलर, आणि मडगार्ड नाही, दिवा नाही, स्टँड नाही, चेनकव्हर तर कोणी ऐकलेलंही नाही. कायद्याने रिफ्लेक्टर लागतात म्हणून ते तेवढे लावलेले. मडगार्ड मागितलं तर विक्रेता असा बघतो की जणू आपण फेरारीला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं. फार झालं तर सीटच्या दांड्याला अडकवायची एक प्लॅस्टिकची पट्टी काढून देतो, विंचवाच्या नांगीसारखी वर वळलेली. ती पाठीचा एक पट्टा वाचवते आणि बाकी सगळं भिजू देते. आणि सायकलच्या चिमट्याला बोल्ट बसवायचं भोकच नसेल, ब्रेकखाली पस्तीसचा टायर मावतच नसेल, तर पुढे बोलणंच खुंटलं. वर पाटीवर नाव काय, तर कम्यूटर!

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पोटतिडकीने शिकलेलो असतो. डिफॉल्ट म्हणजेच प्रॉडक्ट. सेटिंग बदलणारे युजर फार थोडे असतात. तुम्ही जे चालू ठेवून पाठवाल तेच जग वापरेल, जे बंद ठेवून पाठवाल ते जगाच्या दृष्टीने अस्तित्वात नाही. मडगार्ड नसलेली सायकल हे असं डिफॉल्ट आहे. तिच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे, की सायकल हा चांगल्या हवेतला रविवारचा खेळ आहे. ज्याला ती बुधवारी, नोव्हेंबरमध्ये, स्वेटर घालून चालवायची आहे त्याने स्वतः शोधावं, स्वतः मापं घ्यावीत, स्वतः पाने फिरवावेत. बहुतेक लोक फिरवत नाहीत. पहिल्या रबडीत पाठ भिजते, पहिल्या काचेवर आपटतात, आणि सायकल गॅरेजमध्ये टांगतात. मग दुकानदार म्हणतो, बघा, हिवाळ्यात कोणी चालवतच नाही, माल कशाला ठेवू? डेन्मार्क-हॉलंडमधल्या रोजच्या सायकली अजून मडगार्डसकट येतात आणि तिथे लोक पावसात निमूट चालवतात. त्यांचं रक्त काही वेगळं नाहीये.

(आपल्याकडेही ही साथ आलीच आहे म्हणा. पुण्यात ज्या शहराने सायकलवर संसार केले तिथेच आता आयटीतली मंडळी चाळीस हजारांची मडगार्ड नसलेली गिअरची सायकल घेतात, जुलैमध्ये पाठीवर चिखलाची रेघ उमटली की ती बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळतात.)

आता दुसरी टोळी, शूरवीरांची. दाढीला बर्फाचे लोंबकळते काटे, पापण्या पांढऱ्या, आणि खाली लिहिलेलं असतं "उणे सत्तावीस, कारणं नकोत." यांच्या दाढीशी माझं वैर नाही. त्यांना मजा येते, येऊ दे. पण या फोटोंनी होतं काय, की बघणाऱ्या शंभर माणसांना कळतं की हे आपलं काम नव्हे. शूरवीराला तसंही वाटत असतं, कारण सगळेच चालवायला लागले तर दाढीला कोण विचारणार? त्याने कधीच सांगितलेलं नसतं की त्याच्या टायरला खिळे आहेत. ते सांगितलं तर शौर्याचं निम्मं श्रेय त्या फिनलंडच्या कारखान्याला द्यावं लागेल ना! त्याच फिनलंडमध्ये ओउलू नावाचं गाव आहे, आर्क्टिक वर्तुळापासून फार लांब नाही. तिथे शाळकरी पोरं आणि आजीबाई बर्फातून सायकलने जातात आणि कोणी त्यांचे फोटो काढत नाही. हिवाळी सायकल चालवण्याबद्दलची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली होती, २०१६ मध्ये ती आमच्या या जुळ्या शहरांत आली. ओउलूकडून शिकायचं ते हेच की तिथे रस्ते वेळेवर साफ होतात आणि सायकलवाला हा कौतुकाचा विषय नाही.

आणि तिसरी टोळी आपलीच. देसी पॉटलक. इथे येतो तो घरातला विषय.

बायको इथे एच-फोरवर आली. एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लटकलेला व्हिसा. २०१५ पासून काहींना कामाची परवानगी मिळते, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीनकार्डचं घोडं एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचावं लागतं. आमचं अजून वाटेत आहे. पुण्यात जिच्या हाताखाली सहा माणसं होती ती बाई इथे दिवसभर चार भिंतींत. मग तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचा कोर्स घेतला, घरापासून पाच किलोमीटर. सप्टेंबर-ऑक्टोबर सायकलने मजेत गेली. नोव्हेंबर आला आणि पॉटलकमध्ये मला कोपऱ्यात घेण्यात आलं. "अरे, वहिनींना या थंडीत सायकलवर पाठवतोस? लोक काय म्हणतील? एक सेकंडहॅन्ड कोरोला घे की." नाशिकहून आईचा फोन, "सुनेला सायकलवर धाडतोस होय रे? वडिलांनी तुझ्या अख्खा जन्म सायकल मारली ती कशासाठी?"

आईचा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्याकडे हसून उत्तर नाही. सायकल सुटली म्हणजे आपण वर आलो, हा आपल्या दोन पिढ्यांचा हिशेब आहे. पण पॉटलकवाल्यांचा हिशेब मी बसून मांडला. अमेरिकेतल्या मोटारवाल्यांच्या संघटनेचा, एएएचा, २०२४ चा अंदाज आहे की नवीन गाडी बाळगायला सगळं धरून वर्षाला बारा हजार डॉलरच्या वर लागतात. जुनी कोरोला त्याच्या निम्म्यात जाईल, मान्य. तरी ती एका पगाराच्या घरात कुठून येणार? तिच्या कोर्सच्या फीमधून. म्हणजे कोर्सला जाता यावं म्हणून गाडी घ्यायची आणि गाडीच्या हप्त्यापायी कोर्स सोडायचा. बस आहे, पण मध्ये एकदा बदलावी लागते, आणि उणे पंधरात थांब्यावर वीस मिनिटं उभं राहणं हे सायकल मारण्यापेक्षा कितीतरी गार असतं. सायकलवर पाच मिनिटांत अंग गरम होतं, थांब्यावर ते कधीच होत नाही.

बायको स्वतः जवळच्या एका दुकानात गेली. तिथल्या पोराने तिला आधी विचारलं, "खरंच चालवणार आहात?" आणि मग चार इंच जाड टायरची, दोन हजार डॉलरची फॅटबाईक दाखवली. ही फॅटबाईकही खरं तर इथलीच लेक, आमच्या उपनगरातल्या सर्ली कंपनीने २००५ मध्ये पग्सली काढली आणि तिथून ती दुकानादुकानांत पोचली. न साफ केलेल्या जंगलवाटांवर तिला तोड नाही. पण कॉलेजात अकाउंटिंग शिकायला जाणाऱ्या बाईला ती विकणं म्हणजे भाजी आणायला ट्रॅक्टर विकणं. ती बाहेर आली. तिच्या आहे त्याच सायकलला आम्ही खिळ्यांचे दोन टायर आणि मडगार्डचा एक जोड लावला. सगळे मिळून अडीचशे डॉलरच्या आत. त्या हिवाळ्यात तिचे चार वर्ग बुडाले, त्यातले तीन कॉलेजच बर्फामुळे बंद होतं म्हणून. चौथ्या दिवशी तिला सर्दी झाली होती. पॉटलकमध्ये आता तिच्याकडे शौर्याची नजर लागते. "वहिनी, तुम्ही खरंच ग्रेट!" ती म्हणते, "ग्रेट काय त्यात, टायर ग्रेट आहेत." कोणी ऐकत नाही. कारण ती ग्रेट असेल तर आपण न चालवणं हा आपला दोष राहत नाही. सोयीची भक्ती आहे ही.

टायर लावले की सगळं सुटलं असं मी म्हणत नाहीये. आमचं नशीब की दोघांच्याही वाटेवर मिडटाउन ग्रीनवे लागतो. जुन्या रेल्वेमार्गाच्या खंदकातून काढलेला साधारण नऊ किलोमीटरचा सायकलरस्ता, २००० पासून टप्प्याटप्प्याने झालेला. त्याच्यावरून नांगर फिरतो, आणि बऱ्याचदा आमच्या गल्लीच्या आधी फिरतो. पण खंदकातून वर शहरात आलं की सायकलपट्टा म्हणजे मोटाररस्त्याचा बर्फ ढकलून ठेवायची कोठी. नांगर रस्ता साफ करतो आणि ढीग आमच्या पट्ट्यात रचतो. दोन दिवसांनी तो ढीग दगड होतो, आणि दगडाला खिळे काय करणार? घरासमोरचा फूटपाथ चोवीस तासांत साफ करा म्हणून घरमालकांना नियम आहे, मोठ्या इमारतींना तर त्याहून कमी वेळ. हाच नियम पालिकेने स्वतःच्या सायकलपट्ट्यांना लावून घ्यावा, एवढीच मागणी आहे. पण ती करणार कोण? नोव्हेंबरात सायकली टांगणारे करणार नाहीत, आणि शूरवीरांना ढीग असलेलाच बरा, फोटो चांगला येतो. रोज निमूटपणे जाणारी, कंटाळलेली, मडगार्डवाली पाच-दहा हजार माणसं लागतील त्याला.

तर ज्यांना या वर्षी सुरू करायचंय त्यांनी आज सायकल उलटी करून तीन मापं घ्यावीत. चिमट्याच्या दोन पायांमधलं अंतर, ब्रेकखालची जागा, आणि मागच्या चाकाच्या धुऱ्याजवळ बोल्टचं भोक आहे की नाही. पस्तीसचा टायर आणि पंचेचाळीसचं मडगार्ड मावत असेल तर सप्टेंबरातच मागवा, पहिल्या बर्फानंतर ठरावीक मापं दुकानातून नाहीशी होतात. मावत नसेल तर वापरलेली जुनी, पोलादी, कॅन्टिलिव्हर ब्रेकची सायकल शोधा, शंभर-दीडशे डॉलरमध्ये मिळते आणि त्या काळच्या लोकांनी भोकं ठेवलेली असतात. आणि सायकल रात्री घरात, उबेत आणू नका. बर्फ वितळतो, पाणी केबलमध्ये शिरतं आणि सकाळी बाहेर काढली की तिथेच गोठतं. थंड गॅरेजच बरं.

माझ्याकडे पंचेचाळीस मिलिमीटरच्या मडगार्डचा एक जोड पडून आहे, काळा, क्लिपसकट. तारा कापलेल्या आहेत, त्यामुळे सातशेच्या चाकालाच बसेल. जुळ्या शहरांत कोणी असाल तर घेऊन जा, पैसे नकोत. फ्लॅप मात्र स्वतः करावा लागेल, जुन्या माउसपॅडचा छान होतो.